रडण्याचा सुटा ट्रॅक

दाराच्या फटीत बोट सापडलं तरी टिटवी रडली नाही, तेव्हा तिच्या आईला पहिल्यांदा खटकलं.

बोट चांगलंच चेपलं होतं. नखाखाली रक्त साकळलं होतं. सहा वर्षांची पोर. एरवी तिने घर डोक्यावर घेतलं असतं. आता तिने काय केलं, तर खालचा ओठ दातांत धरला, डोळे गच्च मिटले आणि नाकाने भराभरा श्वास घेत तशीच उभी राहिली. गालांवरून पाणी ओघळत होतं, पण आवाज म्हणून नाही.

"अगं रड ना," आई बोटावर फुंकर घालत म्हणाली. लेकीला रडण्यासाठी विनवणारी आई तिने स्वतःही कधी पाहिली नव्हती. "रड बाळा. मोकळी हो."

टिटवीने मान हलवली. "नको. ऐकू जाईल."

"कुणाला?"

टिटवीने बर्फाचा तुकडा स्वतःच हातात घेतला आणि खिडकीशी जाऊन बसली.

टिटवी हे काही तिचं खरं नाव नव्हे. जन्मली तेव्हा पहिलाच टाहो असा फोडला की नर्स दचकून म्हणाली, "मुलगी आहे की टिटवी?" बापाने ते तिथल्या तिथे उचललं. आत्याने नाक मुरडलं, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

आई पहिल्यापासून डोळ्यांत तेल घालून राहणारी. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचणारी, गॅसचं बटण बंद केलं की नाही ते पाहायला अर्ध्या जिन्यातून परत येणारी. विमा कंपनीत ती लोकांचे अर्ज तपासायची; कुठे सही राहिली, कुठे तारीख चुकली, हे शोधण्याबद्दलच तिला पगार मिळायचा. तिने आठवून पाहिलं. मागच्या आठवड्यात लस टोचली तेव्हाही पोर गप्पच होती. "शूर आहे हो मुलगी!" असं डॉक्टर म्हणाले, आणि आपण हसलो. त्याआधी जिन्यात गुडघा फुटला होता, तेव्हाही नाही. म्हणजे निदान तीन आठवडे. टिटवी तीन आठवडे रडली नव्हती, आणि डोळ्यांत तेल घालणाऱ्या आईला त्याचा पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती शाळेत गेली. बाई वह्यांचा गठ्ठा बाजूला सारून बसल्या, आणि आधी त्यांच्याच चेहऱ्यावर आश्चर्य उमटलं.

"तुम्हाला माहीत नाही? मला वाटलं, तुम्हीच दिलंय ते."

"काय दिलंय?"

"आवाज. तो गेम आहे ना, रिकाम्या घराचा? वरच्या वर्गातल्या मुलांनी वेड लावून घेतलंय. मी खेळले नाही, पण मुलं सांगतात. अंधारं घर असतं, भिंतीमागे कुठेतरी तान्हं बाळ रडत असतं. रडणं जवळ आलं की पळायचं. नाही पळालात तर मेलात. आणि गेम संपला की नावं येतात. त्यात तुमच्या मुलीचं नाव आहे. आडनावासकट." बाईंनी आवाज खाली आणला. "आधी मुलं नुसती मागे लागायची, 'रडून दाखव ना, एकदाच!' मग एक दिवस ही मैदानात पडली. खरंच लागलं होतं हो. रडायला लागली, तर सगळी पोरं 'मेलो, मेलो' करत धावत सुटली आणि धडाधड जमिनीवर पडली. मेल्यासारखी. चाळीसएक मुलं असतील. मध्ये ही एकटी उभी."

"मग?"

"मग काय. गप्प झाली. मी ओरडले मुलांना, पण कुणाकुणाला ओरडणार? खेळच तो." बाईंनी गठ्ठा पुन्हा पुढे ओढला. "तुम्ही ते नाव कशाला घातलंत त्यात?"

आईने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. नाव तिनेच घातलं होतं. नुसतं घातलं नव्हतं, तर पत्र पाठवून, मागणी करून घालायला लावलं होतं.

ते कसं, हे सांगायचं तर लग्नाच्याही आधी जावं लागतं.

ती गायची आणि तो गिटार वाजवायचा, ध्वनिमुद्रण करायचा. दोघांनी मिळून केलेलं पहिलं गाणं एका कंपनीने घेतलं, कागदांवर सह्या घेतल्या आणि गाणं कुलूप लावून ठेवून दिलं. ना बाजारात आणलं, ना परत केलं. लग्नात दोघांनी हौसेने तेच गाणं म्हटलं आणि त्याचा व्हिडिओ टाकला. चौथ्या दिवशी त्यातला आवाज बंद. खाली सूचना, की या संगीताचे हक्क दुसऱ्याकडे आहेत. तो व्हिडिओ अजून तसाच मुका आहे. नवरानवरी एकमेकांकडे बघत तोंड उघडतात, मिटतात, उघडतात. काचेच्या पेटीतल्या माशांसारखी.

"पुन्हा कुणाच्या कागदावर सही करायची नाही," तो तेव्हा म्हणाला होता. ती म्हणाली होती, "करायची, पण कागद आपला असायला हवा."

तो कागद त्यांना सापडला. आपापल्या खोल्यांत बसून गाणी करणाऱ्या, कुठल्याच कंपनीत न मावणाऱ्या लोकांचं एक संकेतस्थळ होतं. तिथे प्रत्येक गाणं खुल्या परवान्यावर ठेवायचं. परवान्याचे प्रकार होते, आणि तिने प्रत्येकाचा पूर्ण मजकूर वाचला. त्या संकेतस्थळावर असं करणारी बहुधा ती एकटीच. विकायला मनाई करावी का, यावर दोघांचं दोन दिवस चाललं.

"मोठ्यांना काय फरक पडतो?" तो म्हणाला. "त्यांच्याकडे वकील आहेत, पैसे आहेत, ते दुसरं गाणं घेतील. मनाई केली की अडतो आपल्यासारखाच कुणीतरी. दोन खोल्यांत बसून सिनेमा करणारा."

तिला पटलं. शेवटी ठरलं ते असं: कुणीही घ्या, वाजवा, तोडा, जोडा, वाटलं तर विका, अट एकच, आमचं नाव लावा. आणि एकदा दिलेला परवाना परत घेता येत नाही. हे वाक्य तिने मोठ्याने वाचून दाखवलं होतं. तिला ते फार आवडलं होतं. कंपनीच्या कागदात असं एक तरी वाक्य होतं का, ज्यात देणाऱ्याने शब्द फिरवायचा नाही असं लिहिलंय?

मग टिटवी झाली. तीन महिन्यांची असताना रोज दुपारी चार वाजले की तिचं पोट दुखायला लागायचं आणि पाचपर्यंत ती जीव तोडून रडायची. शेजारी भिंतीवर ठोकायचे. त्यांच्याकडे एक मोठं भिंतीतलं कपाट होतं, माणूस उभा राहील एवढं. कोट, गोधड्या, जुनी पांघरुणं यांनी ते गच्च भरलेलं. बाहेरचा आवाज आत येत नाही आणि आतला बाहेर जात नाही म्हणून गाणं तिथेच मुद्रित व्हायचं. माइकसाठी आत एक खिळा ठोकलेला होता. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून आई टिटवीला घेऊन त्या कपाटात जायची आणि कोटांमध्ये उभी राहून तासभर गुणगुणायची. एका दुपारी बाप घरी होता. त्याने खिळ्याला माइक अडकवला.

त्यातून आठ मिनिटांची रचना झाली. सुरुवातीला गिटार आणि रडणं, मग त्याखाली आईची गुणगुण, मग दोन्ही हळूहळू एकाच सुरावर येतात आणि शेवटी कळत नाही, कुठलं कुणाचं. तिचं नाव त्यांनी 'चार ते पाच' ठेवलं. त्या मंडळींत पद्धत अशी, की नुसतं तयार गाणं ठेवायचं नाही. त्याचे सुटे ट्रॅकही ठेवायचे, म्हणजे दुसऱ्याला त्यातला हवा तो तुकडा घेता येतो. गिटार वेगळी, गुणगुण वेगळी, रडणं वेगळं. कपाटात दोघींचे आवाज एकत्र आले होते, पण बाप दिवसभर डबिंगच्या स्टुडिओत हेच तर करायचा. नटांच्या शिंका, ओठांची चटचट, मागची कुजबुज, सगळं साफ. त्याने घरी बसून रडण्यामागची आईची गुणगुण पुसून काढली. मूळ मुद्रणातलं अकरा मिनिटांचं नितळ रडणं उरलं.

"कसं काढलंय बघ," तो म्हणाला. "तू तिथे होतीस असं वाटतसुद्धा नाही."

आणि ती हसली होती!

नावं लिहायची वेळ आली तेव्हा तीच म्हणाली, "तिचंही नाव घाल. गायलीय ती. पूर्ण नाव घाल."

"तीन महिन्यांची कलाकार," बाप म्हणाला. त्याने बाळाच्या पायाला हात लावून नमस्कार केला.

आत्याला सांगितलं तेव्हा ती डोळे विस्फारून म्हणाली, "म्हणजे पोरीचं रडणंसुद्धा वाटून टाकलंत? आता राहिलं काय घरात द्यायचं?" यावर तिघंही पोट धरून हसली होती.

पहिली दोन वर्षं नुसतं सुख होतं. कुठल्या दूरच्या गावातल्या कुणी त्या रडण्यावर चेलो वाजवून पाठवलं. एका कारखान्यातल्या कामगाराने डब्यांच्या झाकणांचा ठेका जोडला. एका नृत्य शिकणाऱ्या मुलीने त्यावर परीक्षा दिली आणि लिहिलं, की परीक्षक रडले. ज्याने त्याने खाली तिघांची नावं लावलेली. पैसा आला नाही, पण लग्नाच्या त्या मुक्या व्हिडिओचा सूड उगवल्यासारखं वाटायचं.

मात्र काही जण नाव लावायचे नाहीत. हे तिला खपायचं नाही. अर्ज तपासणारीच ती. दर शुक्रवारी रात्री टिटवी झोपली की ती शोधायला बसायची. कुणी वापरलं, कुणी नाव लावलं, कुणी गाळलं. गाळणाऱ्यासाठी तिने एक पत्र तयार ठेवलं होतं. अतिशय नम्र, आणि वाचणाऱ्याला घाम फुटेल असं. खाली तिघांची पूर्ण नावं, स्पेलिंगसकट. बाप त्या पत्राला 'समन्स' म्हणायचा.

अशाच एका शुक्रवारी, टिटवी पाच वर्षांची असताना, तिला एका नव्या गेमच्या पानावर दिसलं: 'बाळाचा आवाज, खुल्या संग्रहातून.' बस, एवढंच. तिची तळपायाची आग मस्तकात गेली. गेम उतरवून पाहावा, त्यात आहे तरी काय हे बघावं, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. नाव नव्हतं, एवढं पुरेसं होतं. समन्स रवाना झालं.

तासाभरात उत्तर आलं. गेम करणारा एकटाच होता, त्यांच्यासारखाच एका खोलीत बसणारा. 'मनापासून क्षमा मागतो, नजरचुकीने राहिलं. तुमच्या मुलीच्या आवाजाशिवाय हा गेम झालाच नसता. तिचं नाव सगळ्यात वर टाकतो.' आणि त्याने टाकलं. तिने यादीत हिरवी खूण केली आणि ते विसरून गेली.

शाळेतून ती घरी आली ते पाय ओढतच. नवरा कामावरून आल्याबरोबर तिने फोन त्याच्या हातात दिला.

"उतरव तो गेम."

"कुठला?"

"उतरव, सांगते."

टिटवीला आत्याकडे पाठवून दोघं सोफ्यावर बसली. पडद्यावर राखाडी रंगाचं घर, लांबलचक बोळ, बंद दारं. आणि मग भिंतीमागून ते आलं.

तिने ते रडणं सहा वर्षांत शंभरदा ऐकलं असेल. पण नेहमी गाण्यात, गिटारसोबत, स्वतःच्या गुणगुणण्यासोबत. नवऱ्याने साफ करून दाखवलं त्या दिवसानंतर असं नुसतं कधीच नव्हतं ऐकलं. कुणीच जवळ नसलेलं बाळ. तिचे हात आपोआप कोपरात वाकले आणि ती जागच्या जागी डुलायला लागली. तिला कळलंही नाही.

"मागे वळ," नवरा म्हणाला. "जवळ आलं की पळायचं असतं."

तिने फोन त्याच्या हातातून घेतला. ती पळाली नाही. रडणं ज्या दारामागून येत होतं तिकडे सरळ चालत गेली आणि दार उघडलं. पडदा लाल झाला. 'तुम्ही मेलात.' तिने पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिकडेच गेली. पुन्हा लाल.

"अगं, काय करतेयस?"

"मला नाही येत पळता."

त्याने फोन काढून घेतला आणि उलटा करून टेबलावर ठेवला. तिने शाळेतलं सगळं सांगितलं. चाळीस मुलं, मेल्यासारखी पडलेली, मध्ये टिटवी.

"त्या गेमवाल्याने चुकीचं काही केलेलं नाही," नवरा म्हणाला. "घेतलं, वापरलं, नाव लावलं. सगळं नियमाने."

"तेच तर. चोर असता तर बरं झालं असतं. त्याला धरता तरी आलं असतं."

"आपण म्हणू, परत घेतो."

"घेता येत नाही."

"तू वाच ना पुन्हा, काहीतरी असेल."

"मला पाठ आहे!" ती ओरडली. "घेता येत नाही. मीच तुला वाचून दाखवलं होतं. एवढं छान वाटलं होतं मला ते."

तो उठून खिडकीशी गेला. "आता काढून टाकलं आपण आपल्या पानावरून, तरी ज्यांनी आधी घेतलंय..."

"त्यांचं त्यांच्याकडे. हो."

"मी ते साफ करायला नको होतं," तो पाठमोराच म्हणाला. "तुझा आवाज राहिला असता मागे, तर त्याच्या काही कामाचं नव्हतं ते. आई जवळ असलेल्या बाळाला कोण भितं?"

तिला त्याची दया आली नाही, रागही आला नाही. हिशोब बरोबर होता, एवढंच. त्याने तिला पुसलं होतं आणि तिने नाव कोरलं होतं. दोघांनी मिळून केलेलं दुसरं गाणं हे.

आत्या टिटवीला सोडायला आली. दारातच दोघांचे चेहरे बघून म्हणाली, "काय रे, कोण गेलं?" कुणी हसलं नाही, तशी चपला न काढताच परत फिरली.

परवान्यात एक कलम मात्र होतं. ज्याचं काम आहे त्याने सांगितलं, तर वापरणाऱ्याने त्याचं नाव शक्य तिथून काढून टाकायचं. आवाज नाही, फक्त नाव. हे कलम वाचताना तेव्हा दोघांना हसू आलं होतं. स्वतःचं नाव काढा असं कोण सांगेल? दुसऱ्या दिवशीही तिने रजा टाकली आणि दुपारी जुनं समन्स उघडलं. 'आमच्या मुलीचं नाव आपण लावलेलं नाही' हे वाक्य होतं, त्यातला शेवटचा शब्द बदलला तरी भागत होतं. तिने तो बदलला नाही. सगळं पत्र पुसलं आणि दोन ओळींत लिहिलं: 'तिचं नाव काढावं. ती शाळेत जाते.'

तासाभरात उत्तर. माणूस तसाच, तत्पर. 'काढलं आहे. नव्या आवृत्तीत कुठेही दिसणार नाही. तिला माझ्याकडून शाबासकी सांगा, लोकांना तिचा आवाज फार आवडतो. आता तिथे फक्त बाळ असं लिहिलं आहे.'

फक्त बाळ. तिने गेमचं पान उघडून खात्री केली. अर्ज बिनचूक होता. उद्यापासून जगात कुठेतरी, कुणाच्या तरी फोनमध्ये, तीन महिन्यांची टिटवी रडत राहणार आणि ती कुणाचीच नसणार. या नावासाठी आपण पाच वर्षं शुक्रवार घालवले, आणि शाळेतली चाळीस मुलं काही ते विसरणार नाहीत. नाव गेलं ते फक्त रडणाऱ्या बाळाचं. शाळेतल्या मुलीचं ते तसंच राहिलं.

टिटवीला सांगायला हवं होतं. आता तुझं नाव नाहीये तिथे, आता तू रडलीस तरी चालेल. हे वाक्य तिने मनात दोनदा घोळवून पाहिलं. दोन्ही वेळा त्याची लाज वाटली. तरी ती उठली.

टिटवी बाहेरच्या खोलीत नव्हती. स्वयंपाकघरात नव्हती. चित्रकलेची वही जमिनीवर उघडी, खडू तसेच पडलेले, त्यातला एक मोडलेला. न्हाणीघराचं दार उघडं. तिने हाक मारली, ओ आली नाही. मग तिला कपाटाच्या दाराच्या फटीत कोटाची बाही अडकलेली दिसली.

तिने दाराला कान लावला. आतून काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. पांघरुणं त्याच कामासाठी तर भरली होती.

तिने दार उघडलं.

टिटवी कोटांमध्ये उकिडवी बसली होती. बापाच्या जाड कोटात तोंड खुपसून ती रडत होती. नुसती रडत नव्हती, सगळं अंग गदगदत होतं, मान लाल झाली होती, तीन आठवड्यांचं एकदम बाहेर पडत होतं. दार उघडताच आवाज खोलीत आला. जसाच्या तसा, नर्स दचकली होती तोच. आणि लगेच थांबला. टिटवीने कोटाची बाही तोंडात कोंबली.

"बाळा," आई गुडघ्यांवर बसली. "ये. माझ्याकडे ये."

टिटवीने तिच्याकडे पाहिलंच नाही. तिने मान वर करून आधी खिळ्याकडे पाहिलं. तो रिकामा होता. मग तिची नजर आईच्या दोन्ही हातांवर गेली, एकदा उजव्या, एकदा डाव्या, फोन आहे का ते बघत.

आईने दोन्ही तळहात उघडून तिच्यापुढे धरले.

टिटवीने बाही तोंडातून काढली. "दार लाव," ती म्हणाली. "तू बाहेर जा आणि दार लाव."

आईने दार लावलं. आणि मग पाठ टेकून दाराशी बसून राहिली, कितीतरी वेळ. आत काय चाललंय ते ऐकू येत नव्हतं. पलीकडे घड्याळात चार वाजून गेले होते. तिच्या घशात ती जुनी गुणगुण आपोआप आली, ओठांपर्यंत आली. आत ती पोचणार नाही, हे तिला ठाऊक होतं.